माणिकप्पाचा श्वास

कंधारचा किल्ला मागं पडून दीड-दोन तास झाले होते, तरी धुकं उठायचं नाव घेत नव्हतं. महानंदाबाईंना पुढं चालणारा भाऊ दिसत होता तो कमरेच्या वरच तेवढा. खाली नुसतं पांढरं. मन्याड नदीचा पूल ओलांडल्यापासून तो एक शब्द बोलला नव्हता. पौषातली थंडी, डांबराची गार खडी अनवाणी पायांना टोचत होती, आणि निम्मी वाट अजून बाकी होती.

"माणिक, जरा दमानं. मी काय पोलीसभरतीला निघाले का?"

तो थांबला, पण मागं वळला नाही. "दमलीस का अक्का?"

"दमले न्हाई. तू दिसत न्हाईस."

"हाये की," तो म्हणाला, आणि पुन्हा चालायला लागला.

माणिकप्पाच्या गळ्यात लिंग नव्हतं. ही सगळी पायपीट तेवढ्यासाठी होती. लिंगायताच्या घरात मूल जन्मलं की जंगम पुरोहित येऊन त्याच्या गळ्यात वस्त्रात गुंडाळलेलं लिंग बांधतो, आणि मग ते अंगावेगळं होत नाही. आंघोळीत नाही, तापात नाही, बाळंतपणात नाही. रोज सकाळी डाव्या तळहातावर घेऊन त्याची पूजा करायची. अखेरीला माणसाला मातीत बसवतात, तेव्हाही ते त्याच्या तळहातावरच असतं. महानंदाबाईंची आई म्हणायची, लिंग गेलेला माणूस जिता असून मढं, आणि मेल्यावर मातीलाही नकोसा.

माणिकप्पानं मठाच्या स्वामींना फोन केला तेव्हा ते रागावले नव्हते. एवढंच म्हणाले होते, "गाडीनं येऊ नको. कंधारपासून चालत ये, अनवाणी. घरातलं एक जाणतं माणूस बरोबर आण. लिंग कसं गेलं ते तू माझ्यासमोर सांगायचं, आणि हे खरं आहे असं त्या माणसानं स्वतःच्या लिंगावर हात ठेवून म्हणायचं. खरं असलं तर दुसरं बांधीन. खोटं असलं तर या मठाचं दार तुला नाही."

आणि माणिकप्पानं अक्काला सांगितलं होतं की माळेगावच्या जत्रेत, घोड्याच्या बाजाराजवळ, रेटारेटीत दोरा तुटला. महानंदाबाईंनी ते मानलं. लातूरला अंगणवाडीत सत्तावीस वर्षं पोरं सांभाळली त्यांनी. कोणत्या पोरानं कोणाचा लाडू खाल्ला हे त्या नुसत्या डोळ्यांवरून सांगतात. पण भावाच्या डोळ्यांत बघायची त्यांना कधी गरजच वाटली नव्हती. आठ वर्षांच्या असताना त्यांनीच त्याला मांडीवर धरलं होतं, जंगम त्याच्या गळ्यात लिंग बांधत होते तेव्हा. उदगीरच्या त्या घरात चार पोरींच्या पाठीवर झालेलं हे पोरगं. सगळी म्हणाली, रडेल. ते रडलं नाही. दोरा गळ्यात पडला तसं शांत झोपलं.

त्या पाय उचलून त्याच्या बरोबरीला आल्या. आणि तेव्हा त्यांना पहिल्यांदा वास आला.

पिकल्या केळीचा वास. गोड, जरा जास्तच गोड, दोन दिवस टोपलीत झाकून राहिलेल्या केळीसारखा. त्यांनी इकडं तिकडं पाहिलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना तूर उभी होती, पलीकडं हरभरा. या माळावर केळीला कोण पाणी देणार?

"पिशवीत केळी हायेत का रे?"

"न्हाई."

"मग वास कशाचा यायलाय?"

माणिकप्पानं तोंड दुसरीकडं केलं. आणि बाईंच्या ध्यानात एक गोष्ट आली. गारठ्यात दोघांच्याही तोंडातून वाफ निघत होती. त्यांची वाफ निघायची आणि वर जाऊन धुक्यात मिसळायची. माणिकप्पाची वर जातच नव्हती. ती ओठांतून निघून हनुवटीखाली उतरायची, गळ्याशी वळसा घालायची, आणि दोरा असायचा त्या जागी घटकाभर बसून राहायची.

वय झालं, डोळे तपासून घ्यायला पाहिजेत, असं मनाशी म्हणत त्यांनी शिवनाम घेतलं आणि नजर रस्त्यावर लावली.

माणिकप्पाला अर्धापुरात सगळे 'नाकवाला' म्हणत. नववीला नापास होऊन तो दोन वर्षं लातूरला डाळ मिलमध्ये पोती शिवत होता. तिथून कोणीतरी त्याला अर्धापूरला चंद्रप्पाकडं नेलं. चंद्रप्पा जुन्या पद्धतीनं केळी पिकवायचे. बिनखिडकीची खोली, त्यात हिरवे घड रचायचे, मधोमध खापरात गोवऱ्या आणि भुसा धुमसत ठेवायचा, आणि दार शेणामातीनं लिंपून टाकायचं. धूर आत कोंडला की केळीला कळतं, आता पिकायचं. पण दार कधी फोडायचं हे धूर सांगत नाही. लवकर फोडलं तर माल कच्चा, उशीर झाला तर काळा. माणिकप्पा दाराच्या फटीला नाक लावायचा आणि सांगायचा, "उद्या सकाळी सातला." सहाला नाही, आठला नाही. चंद्रप्पा म्हणायचे, "ह्या पोराच्या नाकात महादेवानं घड्याळ बसवलंय."

पुढं चंद्रप्पा गेले, भट्ट्या गेल्या. मुदखेडच्या रस्त्याला मोठं केंद्र झालं: थंड खोल्या, गॅसची टाकी, भिंतीवर आकडे दाखवणारी यंत्रं. तिथल्या मालकानं माणिकप्पाला ठेवून घेतलं. यंत्र चुकलं तरी नाक चुकत नाही, असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. फक्त एक ताकीद दिली होती. बिडी आवाराच्या आत नाही. गॅस पेट घेतो. एका काडीत केंद्र आणि माणसं दोन्ही जातील. आणि माणिकप्पाला बिडी लागायची ती भट्टीच्या दिवसांपासून. बारा-बारा तास तो बिडीवाचून हात चोळत बसायचा.

एवढं सगळं महानंदाबाईंना माहीत होतं. त्यांना माहीत नव्हतं ते पुढचं. ते त्यांना रस्त्यावरच्या एका मोरीच्या कठड्यावर बसून कळलं. पायातला काटा काढायला त्या टेकल्या होत्या. माणिकप्पा समोर उभा होता, बसेना. पहाटेपासून पाण्याचा थेंब नव्हता त्याच्या तोंडात.

"अक्का, माळेगावात न्हाई गेलं ते."

त्यांच्या हातातली पिन तशीच राहिली. "मग?"

"मीच काढलं होतं."

बाईंनी काटा काढला, रस्त्याकडेला टाकला. मग म्हणाल्या, "बोल."

केंद्रावर क्रेट उचलणारा सुदर्शन नावाचा पोरगा होता. त्याच्याकडं एक नळी होती, बोटाएवढी. तोंडाला लावून ओढली की टोकाला निळा दिवा लागायचा आणि वाफ निघायची. सगळे तिला पेन म्हणत. "काका, ह्याला काडी न्हाई, राख न्हाई, इस्तू न्हाई. मालकाच्या बापाला कळणार न्हाई," सुदर्शन म्हणाला होता. असल्या वस्तूला सरकारची बंदी आहे हे दोघांनाही माहीत होतं. नांदेडला मोबाईलची कव्हरं विकणाऱ्या एका दुकानात खालच्या फळीवरून मिळते, असंही त्यानं सांगितलं.

माणिकप्पाची पोरगी लातूरला, अक्काकडंच, डॉक्टरकीच्या परीक्षेच्या शिकवणीला होती. पगार तिकडं जायचा. नवी पेन त्याच्या ऐपतीबाहेरची. दुकानदारानं त्याच्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि एक खण ओढला. त्यात सहा-सात वापरलेल्या होत्या. प्रत्येकीच्या तोंडाला कोणाच्या ना कोणाच्या दातांच्या खुणा.

"मी एकेक तोंडात धरून बघितली," माणिकप्पा म्हणाला.

"दुसऱ्याची उष्टी?"

"पुसून की. एक होती, तिच्यावरच्या खुणांत माझे दात बरोबर बसले. वरचा हा दात वाकडा हाय न्हाई का माझा? तिथंबी वाकडीच खूण. जणू मीच चावलेली. मी विचारलं, कोणाची हो? दुकानदार हसला, म्हनला, ज्याची होती त्याला आता लागत न्हाई."

"आणि तू घेतलीस."

"सगळ्यात सस्ती तीच होती अक्का."

तिच्यात घालायचा रस सुट्टा मिळायचा, कागद नसलेल्या बाटलीत. पुदिना होता, आंबा होता. माणिकप्पानं केळीचा मागितला. दिवसभर केळीत वावरणाऱ्या माणसाच्या अंगाला केळीचा वास आला तर कोण विचारणार? घरी बायको तारामती विचारणार नाही, केंद्रावर मालक विचारणार नाही. आपल्या हुशारीवर तो त्या दिवशी खूश होऊन घरी आला होता.

"बिडी ओढायला तू लिंग काढायचास का?" महानंदाबाईंनी विचारलं.

"काढायचो न्हाई. बाहेर जाऊन ओढायचो, तोंड धुवायचो, भस्म लावायचो. पर ही वाफ येगळी होती. बिडीचा धूर निघून जातो. हिचा छातीवर बसायचा. पहिल्याच दिवशी बघितलं मी. खाली उतरली, आन् लिंगाच्या वस्त्राभोवती गोळा झाली. मला कसंतरीच झालं. म्हनलं, देवाला हे कशाला? म्हणून काढून ठेवलं. जराशासाठी."

इमानानं काढलं, हे त्याचं म्हणणं बाईंना पटलंही आणि अंगावर काटाही आला. चार नंबरच्या खोलीत दाराशेजारच्या भिंतीवर, उंचावर, लोखंडी पट्टी होती. चांदीच्या डबीत लिंग घालून तो डबी तिथं ठेवायचा, दोन झुरके घ्यायचा, हात-तोंड धुऊन पुन्हा गळ्यात घालायचा. पहिल्या आठवड्यात असं. मग पेन ठेवायची कुठं, हा प्रश्न आला. खिसे तारामती तपासायची. पँट धुवायला टाकताना चिठ्ठीचपाटी बघायची सवय तिला. गळ्यातल्या वस्त्राला मात्र ती कधी हात लावणार नाही. कोणीच लावणार नाही.

"म्हणजे तू…" बाईंचा हात स्वतःच्या गळ्यातल्या लिंगावर गेला.

"हाव. लिंग पट्टीवर, आन् पेन गळ्यात. त्याच वस्त्रात गुंडाळून. आधी कामाच्या पाळीपुरतं. मग घरीबी तसाच जायला लागलो."

"आणि पूजा?"

माणिकप्पानं खाली मान घातली. "करायचो. तळहातावर वस्त्र झाकून."

"कशाची पूजा करायचास माणिक?"

धुक्यातून एक ट्रॅक्टर आला, उसाच्या वाढ्याचा वास सोडत गेला. त्याचा आवाज बंद झाल्यावर माणिकप्पा पुन्हा बोलायला लागला, पण आता त्याचा आवाज खाली गेला होता.

तारामती पाणी आणून द्यायची, फुलं आणून द्यायची. तो तळहातावरच्या पेनला भस्म लावायचा, कारण तारामती समोर असायची. आणि डोळे लावून बसायचा, कारण लिंगाकडं एकटक बघायची लहानपणापासूनची सवय. एका सकाळी असाच बसला होता. ओठ लावले नव्हते, बोट लावलं नव्हतं. टोकाचा निळा दिवा आपोआप लागला. आत चर्र झालं. आणि पेनच्या तोंडातून वाफ बाहेर आली. संथ. कोणीतरी पलीकडून श्वास सोडावा तशी.

"बिघडली असंल," महानंदाबाई म्हणाल्या. त्यांना त्यांचाच आवाज कोरडा वाटला. "सस्त्यातली, वापरलेली. बटण अडकलं असंल."

"सुदर्शनबी तेच म्हनला. आपोआप चालू होतात म्हनला जुन्या. मीबी तेच धरून चाललो. पर अक्का, तिला बटण नव्हतं. ओढल्याशिवाय लागत नव्हती ती. मग त्या दिवशी ओढली कोणी?"

त्याच दिवशी तो धावत केंद्रावर गेला. चार नंबरची खोली आदल्या दिवशी सकाळी गॅस सोडून बंद केलेली. चोवीस तास ती कोणी उघडत नाही, उघडलं तर अख्खा माल बिघडतो. वेळ झाल्यावर त्यानं स्वतःच्या हातानं दार उघडलं. पट्टीवर हात घातला. डबी होती. झाकण घट्ट लावलेलं होतं. आत लिंग नव्हतं.

"चोरानं नेलं असंल."

"चोर चांदी ठेवून जातो का? आन् बंद खोलीत आला कुठून?"

"तूच आदल्या दिवशी डबीत घालायला विसरला असशील. पडलं असंल एखाद्या क्रेटमध्ये."

"तेबी बघितलं. एकेक फणी उचलून बघितली, माल गेला त्या हैदराबादच्या व्यापाऱ्याला फोन लावला. न्हाई. आन् अक्का, त्या पट्टीखालचे नऊ क्रेट हिरवेच होते. बाकीची खोली पिवळीधम्मक, आन् ते नऊ दगडासारखे. सहा दिवस ठेवले मालकानं. पिकलेच न्हाईत. सुदर्शन म्हनला, तिकडचा पंखा बंद होता. असंल. मी नाक लावून बघितलं, कच्चे हायेत का पक्के. मला कळंना."

"म्हणजे?"

"नाक गेलं. आता सगळ्याला एकच वास येतो. पोरीनं परवा लातूरहून आल्यावर मिठी मारली, तिच्या केसांना तोच. देवघरात तोच. मालकाला अजून सांगितलं न्हाई. रोज दाराला नाक लावतो, आन् अंदाजानं बोलतो."

पेन त्यानं इसापूरच्या कालव्यात फेकली त्याला आता वीस दिवस झाले होते. वीस दिवसांत एकदाही वाफ ओढली नाही, बिडीला शिवला नाही. हे त्यानं न विचारता सांगितलं, आणि ते खरं होतं हे बाईंना त्याच्या डोळ्यांवरून कळलं. आज पहिल्यांदाच त्या त्याच्या डोळ्यांत बघत होत्या.

त्या उठल्या. पदर खोचला. आणि कंधारच्या दिशेनं चालायला लागल्या.

"अक्का!"

"मी येत न्हाई. लिंगावर हात ठेवून खोटं बोलायला मी येत न्हाई. माळेगाव म्हणे! घोडे म्हणे! मला पोरीच्या शप्पथा घालून इथवर आणलंस, अनवाणी, ह्या थंडीत, कशासाठी? तुझ्या पापावर शिक्का मारायला? तारामतीला आणायचं होतं. ती बोलली असती नवऱ्यासाठी काहीबी."

"म्हणूनच तिला आणलं न्हाई."

बाई थांबल्या.

"ती बोलली असती," माणिकप्पा म्हणाला. "माळेगावची गोष्ट मी घरात सगळ्यांना सांगितली, तुलाबी. ती सांगूनच मठात जायचं, असंच ठरवून निघालो होतो. पर मला ठाव होतं की वाटंत तू इचारशील. तू न्हाई इचारलंस तर वास इचारंल. तुझ्यापुढं मला खोटं टिकवता येत न्हाई, लहानपणापासून. म्हणून तुला आणलं. मला स्वतःचा भरवसा न्हाई अक्का. मला खरं बोलायचंय, आन् खरं बोललो तर स्वामी बांधतील का न्हाई ते मला ठाव न्हाई. न्हाई बांधलं तर मी तसाच मरीन. तळहात रिकामा घेऊन मातीत बसीन. पर खोटं बोलून बांधून घेतलं तर…" तो अडखळला. "तर पुन्हा गळ्यात काय येऊन बसंल, मला ठाव न्हाई."

महानंदाबाई वळल्या, त्याच्या जवळून पुढं गेल्या, आणि मठाच्या दिशेनं चालायला लागल्या. जाता जाता म्हणाल्या, "चल. उन्हं व्हायच्या आत मठाचा डोंगर चढला पाहिजे. आणि मला मागं टाकून चालू नको, बैल माजल्यासारखा पुढं पळत होतास मघाशी."

तो हसला. सकाळपासून पहिल्यांदा.

पण उन्हं झालीच. डोंगराच्या निम्म्यावर आले तोवर धुकं फाटलं, सूर्य वर आला, आणि पौषात पडतं तसं लख्ख ऊन पडलं. बाईंच्या कपाळाला घाम आला. त्यांनी तोंड उघडून मोठा श्वास टाकला. काही दिसलं नाही. वाफ दिसण्याची वेळ टळून गेली होती. अकरा वाजले असतील.

वळणावर एक म्हातारी हरभऱ्याचा हिरवा डहाळा घेऊन बसली होती. मठाला येणारेजाणारे तिच्याकडून पेंढी घेत. तिनं बाईंना हाक मारली, मग माणिकप्पाकडं पाहिलं आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"अगं बया. ए बाबा, मठाच्या वाटंवर तरी बिडी फुकू नगं की. इथं स्वामींचं पाऊल पडतं."

माणिकप्पानं दोन्ही हात पुढं केले. रिकामे. बोटं उघडी. तोंड त्यानं मिटून घेतलं होतं.

"आत्याबाई, त्याच्या हातात काही न्हाई," हरभऱ्याच्या ढिगापलीकडं बसलेल्या तिच्या सुनेनं म्हटलं. म्हातारीनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं. "मग धूर कशाचा निघायलाय?"

महानंदाबाईंनी बघितलं नाही असं नाही. भर उन्हात, निळ्या आभाळाखाली, भावाच्या नाकपुड्यांतून पांढरं निघत होतं. थंडीतल्या वाफेसारखं पातळ नव्हे, दाट. ते खाली उतरत होतं आणि सदऱ्याच्या वरच्या बटणाशी गोळा होत होतं. मग त्यांनी नजर वळवली आणि त्याचं मनगट धरलं. लहानपणी उदगीरच्या आठवडी बाजारात धरत तसं, घट्ट. म्हातारीला म्हणाल्या, "आजी, उपासाचा माणूस हाय. पोटात अन्न न्हाई, म्हणून वाफ निघते." आपण काय बोललो हे त्यांना स्वतःलाही कळलं नाही. म्हातारीनं मान हलवली, आणि तिनं आपल्या हरभऱ्याच्या पेंढ्या ओढून दूर, सावलीला ठेवल्या.

तिथून मठापर्यंत बाई नामस्मरण करत होत्या, मोठ्यानं, प्रत्येक पावलाला एक. मध्येच त्यांच्या ध्यानात आलं की माणिकप्पा त्यांच्याबरोबर म्हणत नाही. ओठ हलत होते, पण तो आवाज काढत नव्हता. तोंड उघडायचं टाळत होता.

मठ म्हणजे पाच-सहा खोल्या, एक विहीर आणि दगडी ओटा. ओट्यावर बेलाचं झाड. दारातून दिसत होतं: आत स्वामी बसलेले, समोर पाट मांडलेला, पाटावर पांढरं वस्त्र, आणि वस्त्रावर एक नवं लिंग, काळं, अजून कोणाचंच नसलेलं. म्हणजे स्वामींनी तयारी ठेवली होती. नाही म्हणायचं असतं तर पाट मांडला नसता, असं बाईंच्या मनात आलं, आणि मग हेही आलं की पाट उचलायला किती वेळ लागतो.

एक जंगम बाहेर आला. "अर्धापूरचे का? हातपाय धुवा. स्वामी वाट बघायलेत."

विहिरीवर माणिकप्पानं पाणी काढलं. आधी बाईंच्या पायांवर घातलं, मग आपल्या. चूळ भरली. पुन्हा भरली. अकरा वेळा भरली असेल. बाईंनी त्याच्या कपाळाला भस्माचे तीन पट्टे ओढले. त्याच्या कपाळाला बोट लागलं तेव्हा ते गार होतं, उन्हात चालून आलेल्या माणसाचं नसावं इतकं गार.

"घाबरलास का?"

त्यानं होय म्हणून मान हलवली.

"तुला जमंना झालं तर मी सांगते. सगळं. पेनपासून."

"न्हाई." हे त्यानं तोंडावर हात धरून म्हटलं. "बोलायचं ते मीच बोलतो. दुकानापासून सांगतो. कालव्यापर्यंत सांगतो. काही ठेवत न्हाई. मग तू हात ठेव."

"ठेवीन. खरं असंल तेवढ्यावर ठेवीन."

"तेवढंच. पर अक्का…"

आतून स्वामींनी खाकरल्याचा आवाज आला. माणिकप्पा बाईंच्या अगदी जवळ आला. वास आता इतका दाट होता की महानंदाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याचे डोळेही भरले होते. लहानपणी काही मागायचं असलं की तो जसा बोलायचा तसा बोलला, खालच्या आवाजात, एकेक शब्द सुटा.

"त्यांनी बांधायचं म्हटलं, आन् माझ्या तळहातावर ठेवलं, तर तू माझ्या मागं उभी राहा. आन् तुझा पदर माझ्या नाकातोंडावर धर, घट्ट. मी धडपडलो, हात झाडले, तरी सोडू नगं. दोरा गळ्यात पडेस्तोवर माझा श्वास त्याच्यावर पडू देऊ नगं. धरशील का अक्का?"